यादीतील विरामचिन्हे शिकवताना

नव्याने शिकवू लागलेल्या शिक्षकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, मुद्द्यांच्या यादीकडे वळण्यापूर्वी मुलांकडून एका वाक्यातली यादी पक्की करून घ्यावी. ‘दप्तरात वही, पट्टी, खोडरबर आणि पेन्सिल आहे’ हे वाक्य फळ्यावर स्वल्पविरामांविना लिहून मोठ्याने वाचायला लावले, की आवाज कुठे थांबतो ते मुले स्वतःच दाखवतात. मात्र ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम नको, हे सांगावेच लागते.

त्यानंतर तेच शब्द एकाखाली एक मांडावेत. सुरुवातीच्या वाक्यानंतर अपूर्णविराम (:) येतो आणि ओळ बदलल्यामुळे स्वल्पविरामाचे काम उरत नाही, म्हणून सुट्या शब्दांपुढे चिन्ह नसले तरी चालते. मुद्दा पूर्ण वाक्याचा असेल, तर मात्र पूर्णविराम हवाच. खरी अडचण येते ती मिश्र यादीत. ‘हात धुणे’, ‘पाणी उकळा’ आणि ‘भांडे स्वच्छ असते’ असे तीन मुद्दे एकाखाली एक आले, तर कोणतेही चिन्ह ती यादी सावरू शकत नाही, म्हणून आधी मुद्द्यांची रचना सारखी करून घ्यावी आणि मगच चिन्हांकडे वळावे. वह्या तपासताना, एका यादीत एकच पद्धत शेवटपर्यंत पाळली आहे का, हे आवर्जून पाहावे.