चालू असलेल्या नोड सर्व्हरचा डायग्नोस्टिक रिपोर्ट प्रॉडक्शनवर कसा काढायचा? आमचे लीड म्हणतात, वेळ घालवू नकोस, सरळ रीस्टार्ट कर.

तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य नसतं तर मी हे उत्तर लिहायला बसलेच नसते. पहिल्याचं उत्तर छोटं आहे, ते आधी देऊन टाकते. डायग्नोस्टिक रिपोर्ट म्हणजे त्या क्षणी सर्व्हरच्या पोटात काय चाललंय त्याचा लेखी फोटो. नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) सुरू करतानाच त्याला रिपोर्ट-ऑन-सिग्नल हा फ्लॅग, म्हणजे सुरुवातीचा पर्याय, द्या, रिपोर्ट-डिरेक्टरी देऊन फाइल कुठे पडायला हवी ते सांगा, आणि सर्व्हर अडकला की त्या प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) सिग-यूझर-टू हा सिग्नल पाठवा. जेसनची एक फाइल पडते, नावात तारीख, वेळ, पीआयडी (प्रोसेसचा नंबर) सगळं असतं, आणि प्रोसेस चालूच राहते. १२.१७ च्या पुढचं कुठलंही नोड असेल तर हे पक्कं झालेलं फीचर आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही.

यातला 'सुरू करतानाच' हा शब्द दोनदा वाचा. मी वाचला नव्हता.

मी मूळची जावावाली. जावात किल मायनस तीन (हाही एक सिग्नलच) मारलं की जेव्हीएम, म्हणजे जावा चालवणारा प्रोग्रॅम, मरत नाही. सगळ्या थ्रेड्सचा (आत एकाच वेळी चाललेल्या कामांचा) डंप लॉगमध्ये ओकतं आणि परत कामाला लागतं. त्याच सवयीने मी नोडच्या टीममध्ये आले. मरोळ नाक्याच्या मेट्रो स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर ऑफिस, शाळांची फी ऑनलाइन भरायचं पोर्टल. दहा तारीख ही बऱ्याच शाळांची फीची शेवटची तारीख, त्यामुळे दर दहा तारखेला सकाळी अकरानंतर आमचं पोर्टल गुदमरायचं. मेल्यासारखं नाही. जिवंत, पण उत्तर देत नाही. पालकांच्या स्क्रीनवर चकती फिरत राहायची.

आमचे सर (पदाने लीड, आवाजाने सर) यावर एकच औषध द्यायचे. चार महिने ते लागूही पडलं. पाचव्या महिन्यात मी म्हटलं, "सर, दोन मिनिटं द्या. रिपोर्ट काढते."

"रिपोर्ट पॅथॉलॉजीवाले काढतात. तू रीस्टार्ट मार."

मी ऐकलं नाही. सर्व्हरवर गेले, पीआयडी शोधला आणि सिग-यूझर-टू पाठवला. त्या प्रोसेसला फ्लॅग दिलेला नव्हता. फ्लॅग नसेल आणि कोडमध्येही तो सिग्नल कोणी धरत नसेल, तर लिनक्स सिग-यूझर-टूचा अर्थ सरळ 'मर' असा लावतं. प्रोसेस मेली, पीएमटूने (मेलेली प्रोसेस उठवणाऱ्या टूलने) पुन्हा उठवली, पोर्टल टुणटुणीत. सर खुर्ची वळवून म्हणाले, "बघ, तुझा रिपोर्टसुद्धा शेवटी रीस्टार्टच निघाला."

पुढचा महिनाभर कँटीनमध्ये माझं नाव रिपोर्टवाली होतं. तेव्हा तुमच्या लीडचं वाक्य मला कुठे लागलं असेल ते समजून घ्या.

त्यानंतरच्या एका रविवारी रात्री, ट्रॅफिक नसताना, मी फ्लॅग लावून सर्व्हिस चढवली. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, आधी सिग्नल पाठवून पाहिला. (तुमच्या लॅपटॉपवर कोड बदलला की सर्व्हर रीस्टार्ट करणारा नोडमॉन असेल तर तिथे घोळ होतो, कारण तोही रीस्टार्टसाठी हाच सिग्नल वापरतो. रिपोर्ट-सिग्नल या फ्लॅगने दुसरा निवडता येतो. आणि एनपीएम स्टार्टने उठवलं असेल तर पीआयडी एनपीएमचा घेऊ नका, आतल्या नोडचा घ्या.)

मग जुलैची दहा तारीख आली. पाऊस असा की सायन-कुर्ल्याच्या मध्ये रुळांवर पाणी, आणि सर नेमके तिथेच गाडीत अडकलेले. फोन लागत नव्हता. अकरा चाळीसला पोर्टल गुदमरलं आणि 'रीस्टार्ट मार' म्हणायला कोणी नव्हतं. एवढा पाऊस मला आयुष्यात कधी आवडला नाही.

दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन रिपोर्ट काढले. एका रिपोर्टने काही कळत नाही, हे मी अजूनही भांडून सांगते. एक फोटो बघून माणूस उभा आहे की चालतोय ते सांगता येत नाही. तीन बघा.

वाचायचं कसं ते मात्र फारसं कोणी शिकवत नाही. सगळे आधी जावास्क्रिप्ट स्टॅक, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शन्सची यादी, उघडतात. सिग्नलने काढलेल्या रिपोर्टात तिथे बहुतेक वेळा रिपोर्ट लिहिणारं फंक्शनच दिसतं, म्हणजे काढणाऱ्याचीच सावली. मी हीप, म्हणजे वापरात असलेली मेमरी, बघितला: तिन्हींत शांत. सरांनी 'मेमरी लीक आहे' म्हणून दोनदा रॅम वाढवून घेतली होती, तो विषय तिथेच मिटला. मग रिसोर्स यूसेज: सीपीयूचा वेळ वीस सेकंदांत जेमतेम हललेला. म्हणजे हा काम करून दमलेला नाही, कोणाची तरी वाट बघत बसलाय. कोणाची, ते लिबयूव्हीच्या (नोडच्या आत नेटवर्क सांभाळणाऱ्या लायब्ररीच्या) भागात असतं. तिथे प्रोसेसने उघडलेलं प्रत्येक सॉकेट (नेटवर्कचं एकेक कनेक्शन) लिहिलेलं असतं, इकडचं पोर्ट आणि पलीकडचा पत्ता. एकाच पत्त्याकडे गेलेली सॉकेट्स मोजली. बरोबर पन्नास. दुसऱ्या रिपोर्टात पन्नास, तिसऱ्यात पन्नास, आणि तिन्हींत इकडची पोर्ट्स तीच. म्हणजे वीस सेकंदांत त्या पन्नासांतलं एकही सुटलं नव्हतं.

पलीकडचा पत्ता पावतीचा एसएमएस पाठवणाऱ्या व्हेंडरचा. आमच्या कोडमध्ये त्याच्यासाठी एकावेळी पन्नास कनेक्शन अशी मर्यादा कोणीतरी घातलेली, आणि टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट बघायची ती मर्यादा, घातलेलीच नाही. दहा तारखेला व्हेंडर मंदावायचा, पन्नास जागा भरायच्या, एक्कावन्नावा पालक मागे रांगेत. त्याचे पैसे कापले गेलेले, पावती तयार, पण एसएमएस गेल्याशिवाय आमचा सर्व्हर त्याला उत्तरच देत नव्हता.

आता रीस्टार्टने बरं का वाटायचं ते बघा. पन्नास सॉकेट्स तुटायची आणि मागची रांगच्या रांग फेकली जायची. त्या रांगेतल्या पालकांना ना पावती दिसायची ना एसएमएस यायचा. त्यातले कितीतरी जण घाबरून दुसऱ्यांदा फी भरायचे. अकाउंट्समध्ये चार महिने डबल पेमेंटचे रिफंड चालले होते आणि त्याचा आमच्या रीस्टार्टशी संबंध आहे हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. 'रीस्टार्टने काय बिघडतं?' असं तुमचे लीड विचारतील तेव्हा त्यांना आधी अकाउंट्सच्या टेबलापाशी घेऊन जा. पंचनामा व्हायच्या आधी प्रेत हलवायचं नाही, हे साध्या हवालदाराला कळतं. इथे तर प्रेतही नव्हतं, श्वास चालू होता.

दुरुस्ती अर्ध्या तासाची: पाच सेकंदांचा टाइमआउट, आणि एसएमएस पावती दाखवून झाल्यावर मागून पाठवायचा. सर दीडला चिंब भिजून पोचले. मी तीन रिपोर्ट शेजारी शेजारी उघडून दाखवले. त्यांनी पोर्ट्सवरून बोट फिरवलं, एक-दोनदा मान हलवली आणि म्हणाले, "सापडलं ना? मग आता रीस्टार्ट मार." नवा कोड चढवायला तो मारावा लागणारच होता.

तो टाइमआउट नसलेला कॉल कोणी लिहिला होता, ते गिट ब्लेमने (कोडची कुठली ओळ कोणाची ते दाखवणाऱ्या कमांडने) सांगितलं. नाव लिहीत नाही. माझं नव्हतं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. रिपोर्टात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या सेटिंग्ज) जशाच्या तशा येतात, म्हणजे डेटाबेसचा पासवर्डही. मी पहिला रिपोर्ट कौतुकाने टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळी सगळे पासवर्ड बदलत बसले. नव्या नोडमध्ये तो भाग वगळायचा पर्याय आहे, नसेल तर फाइल कुठेही पाठवण्याआधी हाताने पुसा. सर्व्हर कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंद डब्यात, चालत असेल तर रिपोर्टची डिरेक्टरी बाहेरच्या व्हॉल्यूमवर ठेवा, नाहीतर कंटेनर गेला की फाइलही गेली. आणि रिपोर्ट लिहिला जाईपर्यंत नोड दुसरं काहीच करत नाही. सॉकेट्स खूप असतील तर प्रत्येक पत्त्याचं नाव शोधण्यात तो बराच रेंगाळू शकतो. त्यासाठी नेटवर्क वगळायचा फ्लॅगही आता आहे. तो लावला की नावं येत नाहीत, पण सॉकेट्सचे आयपी पत्ते आणि पोर्ट्स रिपोर्टात राहतात.

शेवटचं, आणि खरं तर हे मी पहिल्यांदा विचारायला हवं होतं. सर्व्हर अडकतो तेव्हा सीपीयू शून्याजवळ असतो की एक कोअर शंभरावर, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. शंभरावर असेल तर वरची युक्ती चालणार नाही. इव्हेंट लूपच, म्हणजे नोडमध्ये एकेक काम हातात घेणारं चक्रच, गरगर फिरत असेल तर सिग्नल पोचतो, पण रिपोर्ट लिहायला कोणी मोकळं नसतं. तिथे सिग-यूझर-वन पाठवा. त्याला फ्लॅग लागत नाही. इन्स्पेक्टर, म्हणजे नोडचं चालू कोडमध्ये डोकावायचं साधन, ९२२९ पोर्टवर उघडतो, तो वेगळ्या थ्रेडवर असल्यामुळे फिरणारा कोडही मध्येच थांबवून बघता येतो. पोर्ट फक्त त्याच मशीनवर उघडतं, म्हणून एसएसएचचा (सुरक्षित रिमोट लॉगिनचा) बोगदा काढून जोडा, आणि थांबवलेली प्रोसेस परत सोडायला विसरू नका. मी एकदा विसरले होते. त्या गोष्टीतही सर आहेत.