जुनी कॅटलिना ३० घेतोय, सर्व्हेयरवर पैसे घालवावेत का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत ॲनापोलिसजवळ १९८४ ची कॅटलिना ३०, म्हणजे तीस फुटी शिडाची बोट, बारा हजार डॉलरला मिळतेय आणि मित्र म्हणतोय सर्व्हेचे, म्हणजे तज्ज्ञाकडून बोट तपासून घ्यायचे, पैसे वाचव, व्हिडिओ बघून आपणच तपासू. मित्राला चहा पाजा आणि सर्व्हेयर लावा.

एकतर हा चॉइस तुमच्या हातात फारसा नाहीच. चाळीस वर्षं जुनी बोट म्हटली की पूर्ण इन्शुरन्ससाठी कंपनी सर्व्हे रिपोर्ट मागतेच, आणि निदान लायबिलिटीचा (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा) कागद दाखवल्याशिवाय बऱ्याच मरिना स्लिप, म्हणजे बोट बांधायची जागा, देत नाहीत. म्हणजे तो खर्च होणारच आहे, आधी केलात तर भाव पाडता येतो, नंतर केलात तर नुसतं कपाळाला हात लावायचा.

पण मित्राचं अगदीच चुकलंय असं नाही हां. सर्व्हेयर फुटाला साधारण पंचवीस डॉलर घेतो, म्हणजे तीस फुटाला साडेसातशे, वर बोट क्रेनने उचलायचे यार्डवाले वेगळे घेतात आणि तेही तुमच्याच खिशातून, त्यामुळे दिसेल त्या बोटीला सर्व्हेयर बोलवत बसलात तर अर्ध्या बोटीचे पैसे तिथेच जातील. आधी स्वतः जा, जुने कपडे घालून. प्लास्टिकच्या डोक्याची हातोडी घ्या आणि डेक हळूहळू ठोकत जा, बाजारात नारळ वाजवून घेतो तसं, चांगल्या जागी टणक आवाज येतो आणि आतला लाकडी गाभा कुजला असेल तिथे बद्द. स्टँचनच्या (कठड्याच्या खांबांच्या) बुडाशी, चेनप्लेटजवळ (तारा अडकवायच्या पट्ट्यांजवळ) आणि मास्टच्या (डोलकाठीच्या) आसपास नीट ऐका. मग आत उतरून मास्टखालच्या खांबाच्या पायाशी बघा, या मॉडेलमध्ये तिथला लाकडी ठोकळा कुजतो. तळातल्या पाण्याच्या नळांना लाल चाकाचे गेट व्हॉल्व्ह असतील तर ते बदलायचेत असंच धरून चाला.

आणि कील, म्हणजे बोट उलटू नये म्हणून तळाखाली बसवलेला जड भाग. पुढच्या टोकाला, जिथे ती तळाला जुळते तिथे आडवी चीर दिसेल, तिला सगळे कॅटलिना स्माइल म्हणतात. नुसती वरवरची असेल तर घाबरू नका, पण त्या काळातल्या बऱ्याच कॅटलिना ३० मध्ये कीलच्या वरच्या भागात प्लायवूड घातलेलं आहे, त्यात पाणी शिरून ते मऊ पडलं की नुसते बोल्ट आवळून भागत नाही. हे तुमच्या मित्राला व्हिडिओ बघून कळणार नाही, इथेच सर्व्हेयरचे पैसे वसूल होतात. कील सुटणं ही नुसती पुस्तकातली गोष्ट नाहीये, २०१४ साली चीकी राफिकी नावाच्या बोटीची कील अटलांटिकमध्ये सुटली आणि चारही जण गेले. ती वेगळी बोट, वेगळा समुद्र, तरी पण.

सर्व्हेयर ब्रोकरने सुचवलेला नको, तो कितीही सज्जन असला तरी त्याला पुढचं काम ब्रोकरकडूनच मिळणारे. अमेरिकेत या धंद्याला सरकारी लायसन लागत नाही, उद्या मीपण कार्ड छापू शकतो, म्हणून सॅम्स किंवा नॅम्स या सर्व्हेयरांच्या संघटनांच्या यादीतून शोधा, त्याने पूर्वी केलेला एखादा रिपोर्ट नाव खोडून वाचायला मागा आणि शिडाच्या बोटी किती करतो ते विचारा. ऑफर लिहिताना दहा टक्के डिपॉझिट आणि 'सर्व्हे व सी ट्रायल (पाण्यात चालवून बघणं) पसंत पडल्यास' ही अट लेखी टाका, मालकाशी थेट व्यवहार असला तरी. आणि त्या दिवशी सुट्टी घेऊन हजर राहाच, कारण रिपोर्टमध्ये सगळं एकाच सुरात लिहिलेलं असतं, मुदत संपलेले फ्लेअर (संकटात पेटवायचे इशाऱ्याचे दिवे) आणि ओला डेक शेजारी शेजारी, खरं महत्त्वाचं काय ते तो तोंडीच सांगतो.

मात्र तो बहुतेक वेळा मास्टवर चढत नाही, इंजिन उघडत नाही. रिगिंगच्या, म्हणजे मास्ट धरून ठेवणाऱ्या, तारा किती जुन्या आहेत ते मालकाला विचारा, पंधरा वर्षांच्या पुढे असतील किंवा "माहीत नाही" असं उत्तर आलं तर बदलायचा खर्च भावातून वजा करा. इंजिन तुमच्यासमोर थंड असताना सुरू करायला लावा, आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर मला तरी शंका येते. बोटीवर कुणाचं कर्ज किंवा यार्डचं बिल थकलंय का हेही सर्व्हेयर बघत नाही, बोट कोस्ट गार्डकडे डॉक्युमेंटेड (नोंदलेली) असेल तर ॲबस्ट्रॅक्ट ऑफ टायटल, म्हणजे मालकी आणि कर्जाच्या नोंदींचा उतारा, मागवा, थकबाकी बोटीबरोबर तुमच्या गळ्यात येऊ शकते.

हिवाळ्यात व्यवहार करत असाल तर बोट जमिनीवर असेल, तळ बघायला छान, पण इंजिन विंटराइज केलेलं (थंडीसाठी बंद करून ठेवलेलं) म्हणजे सी ट्रायल नाही. तेव्हा थोडे पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे तिऱ्हाइताकडे, अडकवून ठेवा, एप्रिलमध्ये पाण्यात उतरवून इंजिन चालवून बघितल्यावर सोडायचे असं लिहून घ्या. मालक याला तयार नसेल तर थांबा, कॅटलिना ३० सहा हजारांच्या वर बनल्यात, दुसरी मिळेल.