भय जिथलं, उतारा तिथलाच

अनेक आशीर्वाद.

तुझी कथा वाचली. रक्तपिपासू वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये आणलास, जागा अचूक आहे. पण सोबतच्या पत्रातला प्रश्न वाचून जीव तुटला: क्रूस परका वाटतो, त्याऐवजी अंगारा वापरला तर चालेल का?

नाही चालणार. भय जिथलं, उतारा तिथलाच.

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ कादंबरी पुन्हा वाच, आणि या खेपेला सुळे नि वटवाघळं बाजूला ठेव. कॅथलिक श्रद्धेनुसार वेदीवरची भाकर आणि द्राक्षरस हे ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, आणि ते घेणाऱ्याला सार्वकालिक जीवनाचं वचन असतं. आता रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युलाकडे बघ. तोही रक्त पितो, रक्त पाजतो आणि न संपणारं आयुष्य देतो. स्वतःच्या छातीवरची शीर फोडून तो कादंबरीच्या नायिकेला, मीनाला, प्यायला लावतो, ते मिस्साबलिदानाचं, म्हणजे त्या वेदीवरच्या विधीचं, उफराटं रूप आहे. म्हणूनच पुढे ख्रिस्तप्रसाद, म्हणजे वेदीवरची ती भाकर, कपाळाला लागताच ती निरपराध बाई भाजते. ज्याने वाचवायचं तेच तिला जाळतं! अख्ख्या कादंबरीत याहून भयंकर काही नाही, आणि लसणाच्या माळांनी हे साधलं नसतं.

तुझा अंगारा कुठल्या भयाशी बांधलेला आहे, सांग. मुंजा घे. मुंज झालेला, लग्नाआधी गेलेला मुलगा पिंपळावर अडकतो, कारण त्याचे संस्कार अर्धवट राहिले. ते भय आपल्या घरातलं, तर उताराही घरातलाच. वेताळाची तर कोकणात, गोव्यात देवळं आहेत. त्याच्यापुढे क्रूस धरून काय होणार? मग तुझ्या रक्तपिपासूपुढे अंगारा धरून तरी काय होणार?

शिवाय क्रूस वसईत परका कुणाला? पोर्तुगीज १७३९ साली गेले, मराठी बोलणारे कॅथलिक तिथेच राहिले. परका आहे तो तुझ्या नायकाला, आणि तीच तर तुझी कथा! स्टोकर डब्लिनचा प्रॉटेस्टंट. १८९७ च्या त्या कादंबरीत काउंटकडे निघालेल्या जोनाथन हार्करला खाणावळीची म्हातारी मालकीण क्रूस देते, तेव्हा तो अवघडतो. हे असलं मूर्तिपूजेसारखं, असं त्याला शिकवलेलं असतं. तरी तिचं मन मोडवत नाही. स्टोकरने तो संकोच लपवला नाही. तू मात्र लपवायला निघालास. आजीने बांधलेला ताईत इथे कामाचा नाही हे तुझ्या नायकाला कळतं, तो क्षण कुठे आहे? तो टाळून तू चार पानं पाठलागावर घालवलीस.

दुरून पाहिलेली श्रद्धा कशी फसते तेही स्टोकरकडेच दिसतं. काउंटच्या मागावर असलेला डॉक्टर व्हॅन हेल्सिंग ख्रिस्तप्रसाद कुस्करून, रक्तपिपासू झालेल्या ल्यूसीच्या थडग्याच्या फटी लिंपतो आणि आपल्याला ‘इंडल्जन्स’ असल्याचं सांगतो. इंडल्जन्स म्हणजे क्षमा झालेल्या पापाच्या उरलेल्या शिक्षेतून सूट. असल्या कामाचा परवाना तो नव्हे. कॅथलिक वाचक तिथे अडखळतो.

माझ्या एका कथेत मरणाऱ्या बाईची लांबलचक प्रार्थना होती. ती काढून झटापट घाला, असं एका संपादकांनी सुचवलं. मी ऐकलं नाही. कथा छापली गेली नाही, त्यांनी पुन्हा कधी काही मागितलंही नाही. हट्टी म्हणून नाव झालं. ती कथा वाचकांपर्यंत गेली नाही, ही सल आहे. पण प्रार्थना गेली असती तर त्या कथेतल्या पिशाच्चाला घाबरायचं कारणच उरलं नसतं, मग छापायचं काय? भय जिथलं, उतारा तिथलाच. यात तडजोड मला तेव्हा जमली नाही, आताही जमणार नाही, आणि तू ती करावीस असं मी सांगणार नाही.

वसईत मराठीतून मिस्सा होते. एखाद्या रविवारी जा, मागच्या बाकावर बस. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मात्र उभा राहू नकोस, तो त्या श्रद्धेत असलेल्यांसाठी आहे. लोक वेदीपासून परत येतात तेव्हा त्यांचे चेहरे बघ. मग तिसरं प्रकरण नव्याने लिही आणि मला पाठव. पाठलाग नको.