पोडियाट्री शिकायला जाण्याआधी सांगली-साताऱ्यात कुणासोबत राहून हे काम पाहता येईल का?

तुम्ही लिहिलंय की फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहात, सांगलीत राहता, पुढे इंग्लंड किंवा अमेरिकेत पोडियाट्री, म्हणजे पायांच्या आजारांवरच्या उपचारांचं शिक्षण, करायचा विचार आहे आणि अर्जाआधी शॅडोइंग, म्हणजे कुणासोबत राहून त्यांचं काम नुसतं बघणं, करायचंय. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, मिरजेत मधुमेहींच्या पायांच्या ओपीडीत काम करते, म्हणून सांगते. हो, पाहता येईल. फक्त दारावर 'पोडियाट्रिस्ट' अशी पाटी शोधत फिरू नका.

आपल्याकडे हे काम वाटलं गेलंय. जखम सर्जन बघतात, साखर डायबेटॉलॉजिस्ट, हाडं ऑर्थोपेडिक, रक्तपुरवठा व्हॅस्क्युलर सर्जन, आणि चालणं नि चपला आमच्याकडे येतात. 2021 च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याच्या यादीत पोडियाट्रिस्ट आहे, पण जिल्ह्याच्या गावात त्या नावाने कुणी भेटणं अवघडच. तेव्हा 'डायबेटिक फूट'चं, म्हणजे मधुमेहाने बिघडलेल्या पायांचं, काम कोण करतं ते विचारा. मिरजेत वॉन्लेस हॉस्पिटल 1894 सालापासूनचं, त्यानंतर तर गाव दवाखान्यांचंच झालं. साताऱ्यातही पायाच्या जखमा बघणारे सर्जन आहेत. आधी तुमच्याच कॉलेजच्या सरांकडून शब्द टाकायला लावा, मग स्वतः जाऊन भेटा. नुसत्या ईमेलला आपल्याकडे कुणी उत्तर देत नाही.

परवानगी मिळाली की ऑपरेशन थिएटरचा हट्ट धरू नका. ड्रेसिंगच्या टेबलाजवळ उभे राहा. पायांचं खरं काम तिथे चालतं.

कडेगावकडचे एक आजोबा आमच्याकडे आले होते, शेतकरी, मधुमेह जुना. त्यांचा पाय मांडीवर घ्यायला मी स्टुलावर बसले तर त्यांनी तो झटकन मागे ओढला. "अहो ताई, पायाला हात नका लावू, मला पाप लागेल." हे आपल्याकडे रोज होतं. म्हातारी माणसं हात जोडतात, काही जणी तर रडतात. पाय दाखवायलाच संकोच, मग जखम चिघळेपर्यंत घरातही कुणाला कळत नाही. म्हटलं, बाबा, मी तुमच्या लेकीसारखी, बघू तर द्या. मग त्यांना डोळे मिटायला सांगून मोनोफिलामेंट घेतलं. हा नायलॉनचा एक तंतू असतो, तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर 10 ग्रॅमचा दाब पडतो. 'कळलं की हो म्हणा' असं सांगून अंगठ्याला लावला, चवड्याला दोन-तीन ठिकाणी लावला. आजोबा गप्प. थोड्या वेळाने म्हणाले, "लावा की आता."

चवड्यावर जाड घट्टा होता. सर्जननी ब्लेडने तो पातळ पातळ थर काढत सोलला, तर खाली पू आणि बोट आत जाईल एवढी जखम. मी त्यांची चपल उलटी केली. बाभळीचा काटा तळातून आरपार वर आला होता, ऐन त्या जागी. कितीतरी दिवस ते त्यावरूनच चालत होते.

म्हणून माझं सांगणं एकच: रुग्ण आत आला की पायाआधी चपला बघायला शिका. कुठल्या बाजूने झिजल्यात, अंगठा कुठे घासतो, आत खडा-खिळा काही आहे का. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवून दिलं होतं. हातापायाचं मांस रोगाने आपोआप झडत नाही, वेदना कळत नाही म्हणून माणूस नकळत इजा करून घेत राहतो. मधुमेहात बधीर झालेल्या पायाचं गणित तेच. मिरजेत रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय आहे. तिथे किंवा अशा कुठल्याही ठिकाणी एमसीआर रबराच्या (बधीर पायांसाठीच्या मऊ रबराच्या) चपला करणाऱ्या कारागिरापाशी बसायला मिळालं, तर ती संधी सोडू नका.

आणखी दोन गोष्टी मुद्दाम मागून बघा. एक, डॉप्लरने (रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने) घोट्याचा रक्तदाब घेऊन दंडाच्या दाबाशी केलेली तुलना. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागून येणारा आकडा 0.9 च्या खाली आला तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. पण जुन्या मधुमेहींच्या रक्तवाहिन्या कॅल्शियम साचून कडक होतात आणि आकडा फसवा चांगला येतो, तेव्हा डॉक्टर पुढे काय करतात ते विचारा. दुसरी, शारको फूट, म्हणजे बधीर पायातली हाडं-सांधे ढासळत जाणं. पाय लाल, गरम, सुजलेला, पण त्या मानाने दुखत नाही. लोक मुरगळला समजून शेकत बसतात आणि आत हाडं मोडत जातात. दोन्ही पायांना हाताची पालथी बाजू लावून उष्णतेतला फरक बघायची सवय तिथेच लागते.

कधी जावं? जमलं तर आषाढात. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटणवरून जाते आणि वारीहून परतलेले पाय आमच्याकडे येतात, अनवाणी चाललेले, फोडांचे. पावसाळाभर चिखल्या असतात, बोटांच्या बेचक्यात. ऊसतोड सुरू झाली की धसकटं घुसलेले पाय. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीने भाजलेले. आणि बारा महिने भोवरीवर मेडिकलमधून आणलेल्या कॉर्न कॅप. त्यातल्या सॅलिसिलिक ॲसिडने भोवरीबरोबर चांगली कातडीही जाते, आणि बधीर पायाच्या माणसाला ते कळतही नाही. मला याचा फार राग येतो, कारण हे नुसतं सांगून टळण्यासारखं आहे.

बसायचे नियम थोडेच. हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस आधी घेतलेली असू द्या. रुग्णाला विचारल्याशिवाय आत थांबू नका, फोटो तर अजिबात नको. कुणी कौतुकाने ब्लेड हातात दिलं तरी घेऊ नका. वासाने नाक मुरडू नका, रुग्ण आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. आणि एकाच रुग्णाला धरून त्याची जखम भरेपर्यंत दर ड्रेसिंगला हजर राहा. दहा पाय एकेकदा बघण्यापेक्षा त्याने जास्त समजेल.

कागदपत्रांचं म्हणाल तर इंग्लंड आणि अमेरिका यांत फरक आहे. इंग्लंडमध्ये साधारण तीन वर्षांची पदवी आणि एचसीपीसीकडे (तिथल्या आरोग्य व्यावसायिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) नोंदणी. अमेरिकेत पदवीनंतर चार वर्षांचं डीपीएम (तिथली पोडियाट्रीची डॉक्टर पदवी), वर तीन वर्षांची रेसिडेन्सी, आणि तिथला पोडियाट्रिस्ट शस्त्रक्रियाही करतो. तिकडच्या बऱ्याच कॉलेजांना डीपीएम झालेल्या व्यक्तीचंच शिफारसपत्र आवडतं, त्यामुळे इथल्या सर्जनचं पत्र चालेल का हे कॉलेजला आधी लेखी विचारा. सर्जनकडून पत्र घेताना त्यांची पदवी, ओपीडीचं स्वरूप आणि तुम्ही काय काय पाहिलंत हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. त्यासाठी रोज संध्याकाळी वहीत नोंद ठेवा, रुग्णाचं नाव न लिहिता.