दुपारी मान टाकली म्हणजे झाड तहानलंच असं नाही

प्रश्न : ताई, आमचं घर कोल्हापूरजवळ कळंब्यात, टेरेसवर मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, मिरची अशा बऱ्याच कुंड्या आहेत. एप्रिल लागल्यापासून सकाळी आणि दुपारी दोनला असं दोनदा पाणी घालतेय तरी दुपारी पानं मान टाकतातच, वर मोगऱ्याची खालची पानं पिवळी पडून गळायला लागलीत. पाणी अजून वाढवू का? आणि मे मध्ये आठ दिवस गावी जायचंय, तेव्हा काय करू?

उत्तर : वाढवू नका ओ, आधी ते दुपारचं बंद करा! कडक उन्हात पानांतनं जेवढं पाणी उडतं तेवढ्या वेगानं मुळं ओढू शकत नाहीत म्हणून झाड पानं खाली सोडतं, संध्याकाळी सातला बघा, आपोआप ताठ झालं असेल तर काळजी नाही. सकाळी उठल्यावर पण मान खालीच असेल तर मात्र मातीत दोन पेरं बोट घालून बघा. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर गप्प बसायचं. तुमच्या मोगऱ्याची माती बहुतेक चिखल झाली असणार, आंबूस वास येतोय का बघा, आणि कुंडी तिरकी करून खालचं भोक स्क्रूड्रायव्हरनं मोकळं करा, निम्म्या वेळा ते मुळांनी नाहीतर गाळानं बुजलेलं असतं.

पाणी सकाळी आठच्या आत, आणि घालायचं तर खालून निथळेपर्यंत. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि उन्हात भाजतात. माती वाळून कडक झाली असेल तर पाणी कडेकडेनं सरळ खाली पळतं, आपल्याला वाटतं झालं, आत सगळं कोरडं. मग थोडं घालायचं, दहा मिनिटं थांबायचं, परत घालायचं. मिरचीच्या लहान कुंड्यांना मे मध्ये संध्याकाळी पण लागेल, तेव्हाही बोट घालूनच ठरवा.

आणि मातीवर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पसरा की, दोन इंच, खोडाला न चिकटवता! उसाच्या जिल्ह्यात राहून लोक आच्छादनाला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) विकत आणतात ह्याचं मला लई नवल वाटतं. फक्त रसवंतीवरचं ताजं चिपाड नको, गोडाला मुंग्या लागतात.

गावी जाताना सगळ्या कुंड्या भिंतीच्या पूर्वेच्या बाजूला, जिथं दुपारी सावली पडते तिथं, चिकटून चिकटून ठेवा, बादली त्यांच्यापेक्षा उंचावर ठेवून जाड सुती दोरीचं एक टोक पाण्यात तळापर्यंत, दुसरं मातीत खोचा, पण जायच्या आधी दोन दिवस ट्रायल घ्या. बादली झाका आणि कुंड्यांखाली पाण्याच्या ताटल्या ठेवू नका, डेंगूचे डास तिथंच होतात. वळीव पडला तरी बोट घालून बघायचंच, दाट झाडाखाली कुंडी कोरडीच राहते.

मोगऱ्याला नवी पालवी येईपर्यंत खत मात्र घालू नका.