स्टेजवर बेस गिटार वाजवायला वायरलेस घ्यायचाय, २.४ गिगाहर्ट्झचा घ्यावा की ५.८ चा? ब्लूटूथवाला चालेल का?

तुम्ही लिहिलंय की कराडकडच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवता, गणपतीच्या सुपाऱ्या लागल्यात, गायक पुढं-मागं फिरतात आणि दर कार्यक्रमात कुणाचा ना कुणाचा पाय तुमच्या वायरीत अडकतो, म्हणून दहा हजारांच्या आत वायरलेस बघताय. मी सांगलीचा, मीपण बेसच वाजवतो, गेली सहा-सात वर्षं वायरलेसवर आहे, त्यामुळं जे वापरून कळलंय तेवढंच सांगतो.

आधी ब्लूटूथचं मिटवून टाकू. ब्लूटूथ घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी नको. साध्या ब्लूटूथला आवाज पोचायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद लागतात. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे हिशोब केला तर अँप पन्नास ते सत्तर मीटर लांब ठेवून वाजवल्यासारखं होतं, ढोलकीवाल्याबरोबर एक ठेका जुळणार नाही. गिटारसाठी बनवलेल्या डिजिटल वायरलेसमध्ये हाच उशीर २ ते ६ मिलिसेकंदांचा असतो. उदाहरणार्थ बॉसच्या डब्ल्यूएल-२० चा २.३ आहे, म्हणजे अँपपासून पाऊणएक मीटर लांब उभं राहिल्याइतका फरक, तो कुणाच्याच कानाला कळत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, हे उशीर एकात एक मिळत जातात. वायरलेसचे ४-५, मल्टीइफेक्ट पेडलचे २-३, डिजिटल मिक्सरचा एखाद-दुसरा, वर कानात डिजिटल वायरलेस मॉनिटर असेल तर त्याचे वेगळे. मग हाताला जरा जड वाटायला लागतं, विशेषतः जलद चालीत.

आता २.४ की ५.८, म्हणजे वायरलेस कोणत्या फ्रिक्वेन्सीच्या लहरींवर चालावा. दोन्हीला लायसन लागत नाही, दोन्ही चालतात, पण कुठं वाजवताय त्यावर सगळं आहे. कंपनी डब्यावर लिहिते तीस मीटर, पन्नास मीटर, तो आकडा मोकळ्या मैदानातला असतो. आमचा तासगावच्या बाजूला एका मंडळाचा कार्यक्रम होता, तेव्हा माझ्याकडं एक स्वस्तातलं २.४ चं डोंगल होतं, म्हणजे बेसच्या जॅकमध्ये बसणारा छोटा ट्रान्समीटर आणि अँपला लागणारा रिसिव्हर अशी जोडी. संध्याकाळी पाचला चेक केला, मैदान रिकामं, मी वाजवत वाजवत पार शेवटच्या खुर्चीपर्यंत जाऊन आलो, एक कट नाही. रात्री नऊला माणसं खच्चून भरली आणि दुसऱ्याच गाण्यात आवाज टक्क-टक्क तुटायला लागला, स्टेजवर चार पावलं पुढं गेलं की गायब, मागं आलं की चालू. डिजिटलचं असंच असतं, जुन्या ॲनालॉगसारखी आधी खरखर येऊन सूचना मिळत नाही, असतो तेव्हा पूर्ण असतो आणि जातो तेव्हा पूर्ण जातो. बेस गेला की सगळ्या गाण्याचा तळच जातो, गायकानं मागं वळून बघितलं ते तोंड मला अजून आठवतं.

नंतर शोधल्यावर दोन कारणं निघाली. एक म्हणजे रिसिव्हर अँपच्या मागं, जमिनीलगत लटकत होता, त्याच्या आणि माझ्या मधे अँपची पेटी, मॉनिटर आणि कोरसची माणसं. माणसाच्या अंगात पाणी असतं आणि २.४ ची लहर पाण्यात शोषली जाते, म्हणून माणसं मधे आली की रेंज खाली येते. दुसरं कारण जास्त मोठं होतं. साउंडवाल्याचा मिक्सर टॅबवरून चालत होता आणि त्या टॅबचा वायफाय राउटर माझ्या अँपवरच ठेवलेला, तोपण २.४ वर. वर पब्लिकमधल्या फोनांचे हॉटस्पॉट वेगळेच. मध्यंतरात राउटर स्टेजच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेला, रिसिव्हर एक छोटी केबल लावून माइकच्या स्टँडला छातीइतक्या उंचीवर बांधला, समोर दिसेल असा. पुढचे दोन तास एकदाही तुटला नाही, डोंगल तेच.

त्यामुळं मंडळाची, यात्रेची, लग्नाची कामं जास्त असतील तर माझं मत ५.८ कडं आहे, तिथं गर्दी कमी. पण ५.८ म्हणजे एकदम मोकळं रान असंही समजू नका, वायफायचे १४९ ते १६५ हे चॅनेल तिथंच येतात. साउंडवाल्याला आधीच विचारून ठेवा राउटर कशावर आहे, आणि ५ गिगावर असेल तर त्याला ३६ ते ४८ मधला चॅनेल लावायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे, बहुतेक जण आनंदानं करतात. ५.८ ची लहर आडोसा झाला की २.४ पेक्षा लवकर दमते, तेव्हा रिसिव्हर नजरेसमोर पाहिजेच. एलईडी वॉलच्या मागं किंवा लोखंडी ट्रसला चिकटवून तर अजिबात नको. आमच्या सांगलीच्या भावे नाट्यमंदिरासारख्या बंद हॉलमध्येच जास्त वाजवत असाल तर चांगला २.४ पण मस्त चालतो.

जुना यूएचएफ सेट, म्हणजे काहीशे मेगाहर्ट्झवर चालणारा वायरलेस, कुणी स्वस्तात देत असेल तर त्याच्यावरची फ्रिक्वेन्सी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइलसाठी गेलाय, त्या पट्ट्यातला सेट आज घेतला की टॉवरशी भांडत बसायचं. शिवाय ॲनालॉग यूएचएफमध्ये आवाज पाठवताना दाबतात आणि पलीकडं परत उलगडतात, त्यात बेसची खालची नोट कधीकधी फुगल्यासारखी किंवा दबल्यासारखी येते. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची ई ४१ हर्ट्झची, पाच तारांची बी ३१ ची. म्हणून डब्यावर २० हर्ट्झपासून लिहिलंय का तेवढं बघा, डिजिटलला बहुतेक असतंच.

बॅटरी. ऑर्केस्ट्रा म्हणजे पाचला चेक, सातला चालू, बाराला समाप्त, सात तास धरा. सेनहायझरचा एक्सएसडब्ल्यू-डी चांगला आहे पण साधारण पाच तास चालतो, बॉसच्या डब्ल्यूएल-२० चा ट्रान्समीटर बारा तास. स्वस्त डोंगलं पाच-सहा तासांचा दावा करतात, त्यातला एक तास मनातल्या मनात कमी करा. चेक झाल्यावर पॉवरबँकला लावायची सवयच करून टाका, आणि ट्रान्समीटरसारखा रिसिव्हरपण चार्ज करायचा असतो, हे खूप जण विसरतात.

तुमचा बेस ॲक्टिव्ह (आत बॅटरीवरचा प्रीॲम्प असलेला) आहे की पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) हे लिहिलं नाही. पॅसिव्ह असेल तर वायरलेसवर आवाज जरा जास्त उघडा, टणटणीत येतो. त्याचं कारण बिघाड नाही, लांब केबल स्वतःच वरचा आवाज थोडा खाते आणि आता ती केबलच नाही. टोन थोडा मागं घ्या, झालं. ॲक्टिव्ह असेल तर काही स्वस्त डोंगलांना त्यात बारीक चिंग्ग आवाज येतो, तेव्हा घ्यायच्या आधी स्वतःच्या बेसला लावूनच बघा. आमच्याबरोबर एकदा मिरजेचे सतारवाले होते, सतारीला पिएझो पिकअप (लाकडाचा कंप पकडणारी चकती) चिकटवलेला, तो थेट डोंगलात घातला तर आवाज पत्र्यासारखा पातळ, मधे छोटा प्रीॲम्प टाकल्यावर भरला.

डोंगल थेट जॅकमध्ये बसतं, म्हणून जॅकचं नट घट्ट पाहिजे. मी नाचत नाही तरी वर्षात दोनदा माझं ढिलं झालं, पिन हलली की आवाज जातो आणि आपण उगाच वायरलेसला शिव्या देत बसतो. खोलगट जॅक असेल तर डोंगलची मान वळती आहे का बघा. पुढंमागं बजेट वाढलं तर बेल्टपॅकवाला घ्या, शूरचा जीएलएक्सडी वगैरे, पट्ट्याला अडकवायचा आणि केबल पट्ट्यातून फिरवून घ्यायची, ओढ जॅकवर येत नाही.

आता जे मला खरं सांगायचंय ते. तुम्ही कोरसलापण गाता असं लिहिलंय. गणपतीत पाऊस, ओला मंडप, जनरेटर, आणि अर्थिंग कुणी बघितलेलं नसतं. हातात तारा आणि ओठ माइकला लागले की मुंग्या येतात, चरचरतं, कधी सरळ झटका बसतो. किस या अमेरिकी रॉक बँडच्या गिटारवाल्या एस फ्रेलीला १९७६ च्या डिसेंबरमध्ये फ्लोरिडात लेकलँडच्या स्टेजवर गिटार गळ्यात असताना लोखंडी कठड्याला हात लागून असाच जोरात बसला होता, जीवावरच बेतलं होतं. त्यानंतर तो बँड वायरलेसवर गेला. वायरलेसमुळं तुमचा बेस अँपपासून तुटतो, मग तारांमधून तुमच्या अंगातून माइककडं जाणारी वाट राहत नाही; माइकमध्येच करंट असेल आणि पाय ओल्यात असतील तर मात्र झटका तरीही बसू शकतो. माझ्यासाठी पाय अडकण्यापेक्षा हे कारण मोठं आहे. पण त्या रात्री एखाद्या गाण्याला परत केबल लावायची वेळ आली तर धोका होता तसाच आहे, म्हणून स्टेजवर चढलं की आधी माइकच्या जाळीला टेस्टर लावा, दिवा लागला तर साउंडवाल्याला अर्थिंग बघायला लावल्याशिवाय माइकला तोंड लावू नका आणि पिनही घालू नका, आयोजक कितीही घाई करू देत.

तुमच्या बजेटमध्ये मी ५.८ चं, वळत्या मानेचं, किमान चार चॅनेल असलेलं डोंगल घेईन. गिटारवाल्याकडंही तसलंच असेल तर दोघांचे चॅनेल वेगळे ठेवा. परत करायची मुदत असेल तिथूनच घ्या आणि त्या मुदतीत एक तरी गर्दीचा कार्यक्रम बसवा, घरात वाजवून काही कळत नाही. वायरलेस मधेच बंद पडला तर म्हणून सहा मीटरची केबल अँपच्या हँडलला गुंडाळून ठेवा, एक टोक अँपजवळ, दुसरं हाताला येईल असं. अँप म्यूट, डोंगल काढा, पिन घाला, म्यूट काढा, मला याला आता एक मुखडा पुरतो.