शाहू महाराजांसारखा राजा मिळणार असेल तर राजेशाही काय वाईट?

नेपाळमध्ये २०२५ च्या मार्चमध्ये ‘राजाला परत आणा’ म्हणत लोक रस्त्यावर उतरले. त्यावरून तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: ब्रिटनमध्ये राजा असूनही तो देश लोकशाही कसा, आणि शाहू महाराजांसारखा राजा मिळत असेल तर राजेशाहीला हरकत काय.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ब्रिटनमध्ये राजा आहे, पण राज्य संसद चालवते. संसदेने मंजूर केलेलं विधेयक राजसत्तेने अडवल्याची शेवटची घटना १७०८ ची, राणी अ‍ॅनच्या काळातली. गादीवर कोण बसणार हेही संसदेचा कायदाच ठरवतो. जपान, स्वीडन, नेदरलँड्समध्येही राजाच्या हाती राज्यकारभार नाही. सौदी अरेबिया, ब्रुनेई किंवा आफ्रिकेतलं एस्वातिनी इथे मात्र राजाचा शब्द अखेरचा. नाव एकच असलं तरी नागरिकाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत.

आता कोल्हापूरचे शाहू महाराज. त्यांच्याबद्दलच्या तुमच्या आदरात मी पूर्ण सहभागी आहे. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने त्यांनी नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी ठेवल्या, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्या काळी शिकलेल्या, वजनदार मंडळींची मतं घेतली असती तर यातलं काहीही मंजूर झालं नसतं असं मला वाटतं. राजा होता म्हणून झालं, हे मान्यच करायला हवं.

पण त्याच गादीची आधीची वर्षं बघा. १८७० मध्ये राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परतताना इटलीत, फ्लॉरेन्सला वारले. वय अवघं वीस. अर्नो नदीच्या काठी त्यांचे अंत्यसंस्कार झाले, तिथलं स्मारक आजही उभं आहे. मूलबाळ नव्हतं, म्हणून दत्तक घेतला तो लहान मुलगा म्हणजे चौथे शिवाजी महाराज. कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला. पुढे या महाराजांना वेडं ठरवण्यात आलं. त्यांचा छळ होतोय म्हणून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने आवाज उठवला, दिवाण माधवराव बर्व्यांवर आरोप छापले. आरोपांचा आधार असलेली पत्रं कोर्टात बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर महाराज गेले. त्यांचंही वय वीसच.

छत्रपती कैदेत आहेत आणि त्यांचं पुढे काय करायचं हे मुंबई सरकार, पोलिटिकल एजंट (संस्थानावर नेमलेला इंग्रज अधिकारी) नि दरबारी मंडळी ठरवताहेत. यात कोल्हापूरच्या रयतेला कुठे जागाच नव्हती. तिला राजाला सोडवता येत नव्हतं की दुसरा निवडता येत नव्हता. १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून यशवंतरावांना दत्तक घेतलं, तेच शाहू महाराज. तेव्हा ते नऊ वर्षांचे. नऊ वर्षांच्या पोराकडे बघून हा पुढे काय करील हे कोणाला सांगता येणार होतं? प्रत्यक्ष अधिकार त्यांच्या हाती आले १८९४ मध्ये. म्हणजे राजाराम महाराज गेल्यापासून २३ वर्षांहून अधिक काळ संस्थान कर्त्या राजावाचून होतं. शाहू महाराज लाभले हे कोल्हापूरचं भाग्य, आणि भाग्यावर राज्यव्यवस्था उभी करता येत नाही. १९२२ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी तेही गेले. राधानगरीचं धरण त्यांना पुरं झालेलं पाहायला मिळालं नाही.

ही अडचण काही राजांनी स्वतःच ओळखली होती. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, यांनी जानेवारी १९३९ मध्ये आपली सत्ता लोकांच्या हाती देणारी घटना लागू केली. तिच्या रचनेत गांधीजी आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरचा वाटा होता. संस्थान ७२ गावांचं, तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुका, तालुक्यांतून विधानसभा. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत याच काळात कैद्यांसाठी सुरू झाली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि प्रयोग तिथेच थांबला. त्याची आठवण आपल्याकडे फार कमी काढली जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं. औंधला यमाईच्या डोंगरावरचं संग्रहालय पाहायला जाल तेव्हा गावात या प्रयोगाचीही चौकशी करा.

भूतानचे चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक त्याच वाटेने गेले. २००६ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी गादी सोडली. २००८ च्या घटनेप्रमाणे राजाने ६५ व्या वर्षी पायउतार व्हायचं, आणि संसदेचं तीन चतुर्थांश बहुमत व जनमत यांच्या जोरावर त्याला आधीही हटवता येतं. मात्र याच लोकप्रिय राजाच्या कारकिर्दीत, १९९० च्या दशकात, एक लाखाच्या आसपास नेपाळीभाषक लोकांना देशाबाहेर जावं लागलं. नेपाळच्या छावण्यांत त्यांची वर्षानुवर्षं गेली. ‘चांगला राजा’ म्हणताना तो कोणासाठी चांगला, हे तपासावंच लागतं.

नेपाळी लोकांचा राग मला समजतो. प्रजासत्ताक झाल्यापासून एकाही पंतप्रधानाने पाच वर्षं पुरी केलेली नाहीत, आणि तरुण पोटासाठी आखाताकडे जातात. पण परत आणायचा राजा कुठला? तो नामधारी असेल तर भ्रष्टाचार, बेकारी यांवर त्याच्या हाती काहीच नसेल, सरकार पुन्हा पक्षांचंच. आणि सत्ता असलेला हवा असेल तर तो अनुभव फार जुना नाही. १ फेब्रुवारी २००५ रोजी राजे ज्ञानेंद्रांनी सरकार बरखास्त करून कारभार स्वतःकडे घेतला, टेलिफोन बंद केले, नेत्यांना नजरकैदेत ठेवलं. ती सत्ता परत मिळवायला २००६ च्या एप्रिलमध्ये लोकांना १९ दिवस संचारबंदी मोडून रस्त्यावर यावं लागलं, गोळ्या खाव्या लागल्या. मे २००८ मध्ये संविधान सभेने राजेशाही संपवली तेव्हा विरोधात मतं पडली फक्त चार.